शोधनिबंधाची मुद्रणप्रत

विद्वत्-नियतकालिकाकडे प्रकाशनासाठी पाठविलेल्या लेखाच्या, मुद्रणास योग्य अशा रीतीने सिद्ध केलेल्या प्रतीस मुद्रणप्रत म्हणतात. निबंधाचा मजकूर, त्यातील सूत्रे, कोष्टके व आकृत्या, तळटीपा आणि अखेरची संदर्भसूची हे तिचे घटक होत. नियतकालिकाने ठरवून दिलेल्या साच्यात हे घटक बसवावे लागतात आणि पूर्वसूरींच्या लेखनाचा निर्देश त्या नियतकालिकाच्या संदर्भशैलीप्रमाणे करावा लागतो. हे काम मुळात मुद्रणालयातील जुळाऱ्याचे व संपादकाचे होते. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ते क्रमाक्रमाने लेखकाकडे आले. निबंधातील आशय आणि त्याचे पानावरील रूप यांची जबाबदारी कोणावर असावी, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

विद्वत्-नियतकालिकांचा आरंभ १६६५ मध्ये झाला. त्या वर्षाच्या जानेवारीत पॅरिस येथे ‘झुर्नाल दे सावां’ व मार्चमध्ये लंडन येथे ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ ही नियतकालिके निघाली. रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग हे दुसऱ्याचे संपादक. त्यांच्याकडे येणारा मजकूर बहुतांशी पत्ररूप असे. पत्राचा अनुवाद करणे, सारांश काढणे, त्याला मथळा देणे ही कामे संपादक करी आणि अक्षरवळण, विरामचिन्हे व पानाची मांडणी मुद्रक ठरवी. लेखकाने वाचता येईल अशा अक्षरात लिहावे, यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा नव्हती. ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मोठ्या फेरफारांशिवाय चालू राहिली. शब्दलेखनाचे व विरामचिन्हांचे नियम मुद्रणालये आपल्या जुळाऱ्यांसाठी करीत. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाचे प्रमुख होरेस हार्ट यांनी १८९३ मध्ये अशीच एक छोटी नियमपुस्तिका छापली. ती मुळात जुळारी व मुद्रितशोधक यांच्यापुरती होती. १९०४ मध्ये ती विक्रीस ठेवण्यात आली. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची नियमावली १९०६ मध्ये ग्रंथरूपाने निघाली, तिचा उगमही मुद्रणालयातील अंतर्गत टिपणांतच होता. मुद्रणालयाच्या भिंतीआडचे हे नियम विकत मिळू लागल्यावर ते पाळण्याची अपेक्षा लेखकाकडून होऊ लागली, हे ओघानेच आले.

संदर्भ देण्याच्या पद्धतींचा इतिहास याहून जुना आहे. एडवर्ड गिबन (१७३७–९४) यांच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील टिपा खंडाच्या शेवटी दिल्या होत्या. टीप पाहण्यासाठी प्रत्येक वेळी शेवटची पाने उलटावी लागतात, अशी तक्रार तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम (१७११–७६) यांनी प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात केली. पुढील आवृत्त्यांत टिपा पानाच्या तळाशी आल्या. इतिहासलेखनात तळटीपेला पुढे जे मानाचे स्थान मिळाले, त्यामागे वाचकाची सोय हे साधे कारणही होते, ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

निसर्गविज्ञानांत मात्र तळटीप फारशी रुजली नाही. तळटीपेसाठी जुळाऱ्याला प्रत्येक पानाची उंची वेगळी हिशेबात घ्यावी लागे व एक टीप वाढली, की पुढील सर्व पाने हलत. हार्व्हर्ड येथील प्राणिवैज्ञानिक एडवर्ड लॉरेन्स मार्क (१८४७–१९४६) यांनी १८८१ मध्ये एका गोगलगायीच्या अंड्यांच्या विकासावर दीर्घ निबंध लिहिला. त्यात त्यांनी मजकुरातच कंसात लेखकाचे नाव व वर्ष देऊन पूर्ण तपशील सूचीत दिला. लेखक-वर्ष पद्धतीचा हा सर्वांत जुना ज्ञात वापर मानला जातो. या पद्धतीत नवा संदर्भ मध्येच घातला, तरी इतर कोणताही क्रमांक बदलावा लागत नाही. शिवाय वर्ष डोळ्यांसमोर राहिल्याने मत जुने की नवे, हे वाचकाला लगेच कळते. प्राणिविज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांसारख्या शास्त्रांत ती लोकप्रिय झाली, ती या गुणांमुळे.

अमेरिकेतील मानसशास्त्र व मानवशास्त्र विषयांच्या नियतकालिकांच्या संपादकांनी १९२८ मध्ये एकत्र येऊन मुद्रणप्रतीविषयी सूचना तयार केल्या. त्या पुढील वर्षी एका नियतकालिकात सात पानांच्या लेखाच्या रूपाने प्रसिद्ध झाल्या. त्याच सूचनांचा विस्तार होत अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची आजची जाडजूड नियमावली बनली आहे. वैद्यकाच्या नियतकालिकांचे संपादक जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमले व त्यांनी संदर्भांना मजकुरातील क्रमाप्रमाणे आकडे देण्याची पद्धती स्वीकारली. तीस त्या शहराचेच नाव मिळाले. या बैठकीमागील कारण उल्लेखनीय आहे. एका नियतकालिकाने नाकारलेला लेख दुसरीकडे पाठविताना तो पुन्हा टंकलिखित करावा लागे, कारण स्वल्पविराम व कंस यांचे प्रत्येकाचे नियम निराळे होते. लेखकाचा हा त्रास वाचवावा, असा संपादकांचा हेतू होता. तो अंशतःच सफल झाला. संदर्भाचे प्रयोजन एकच, वाचकाला मूळ लेखापर्यंत नेणे. त्यासाठी लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड व पान एवढे पुरते. हे घटक कोणत्या क्रमाने द्यावेत व मध्ये टिंब द्यावे की स्वल्पविराम, यांबाबतचे बहुतेक भेद रूढीतून आले आहेत. शास्त्राच्या गरजेतून आलेले भेद थोडे आहेत. १९०५ मध्ये ‘आनालेन डेर फिजिक’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेवरील निबंधाला संदर्भसूचीच नव्हती, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

गणिताच्या निबंधांनी मुद्रकांची खरी परीक्षा पाहिली. घातांक, अपूर्णांक, समाकलचिन्हे व एकाखाली एक येणारी पदे ही एका ओळीत बसत नाहीत. मोनोटाइप यंत्रात एक एक खिळा स्वतंत्र ओतला जात असल्यामुळे हे काम करता येई. पण त्यानंतर कुशल जुळाऱ्याला खिळे व पट्ट्या हाताने बसवाव्या लागत. अशा मजकुराला मुद्रणालये जादा दर लावीत. १९६० नंतर धातूचे खिळे मागे पडून छायाक्षरजुळणी, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने अक्षरांची प्रतिमा फिल्मवर घेण्याची पद्धती, स्वस्त ठरू लागली. जुने जुळारी निवृत्त झाले व त्यांची जागा घेणारे फारसे कोणी आले नाही. अनेक प्रकाशकांनी त्याहूनही स्वस्त मार्ग पत्करला व तो म्हणजे टंकलेखन यंत्रावर तयार केलेल्या पानाचे थेट छायाचित्र घेऊन छपाई करणे. १९६१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएमच्या सिलेक्ट्रिक यंत्रातील अक्षरगोळा बदलून गणिती चिन्हे उमटविता येत. स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने १९६४ मध्ये सुरू केलेली गणितविषयक व्याख्यानांची माला अशाच टंकलिखित पानांवरून छापली जाई. वेग मिळाला, किंमत उतरली. पण पाने ओबडधोबड दिसू लागली आणि लेखक किंवा त्याचा टंकलेखक हाच प्रत्यक्षात जुळारी बनला.

या परिस्थितीत स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड नूथ (जन्म १९३८) यांनी हात घातला. त्यांच्या संगणकीय कार्यक्रमणाच्या कलेवरील ग्रंथमालेचे पहिले खंड मोनोटाइपवर जुळविले होते. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची छायाक्षरजुळणीची मुद्रिते मार्च १९७७ मध्ये त्यांच्या हाती आली, तेव्हा अक्षरे व त्यांमधील अंतरे पाहून ते कमालीचे निराश झाले. त्याच सुमारास संख्यात्मक पद्धतीने, म्हणजे शाईचे सूक्ष्म ठिपके असणे वा नसणे एवढ्यावर, अक्षरे छापणाऱ्या यंत्राचे नमुने त्यांनी पाहिले होते. ठिपके कोठे असावेत हे शून्य व एक यांनी सांगता येत असेल, तर हा प्रश्न संगणकशास्त्राचा ठरतो, असे त्यांच्या ध्यानात आले. मे १९७७ मध्ये त्यांनी ‘टेक्’ या आज्ञावलीचा आराखडा लिहिला. नाव ग्रीक ‘तेख्ने’ (कला, कारागिरी) या शब्दावरून घेतले होते. काम वर्षभरात संपेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्याला सुमारे दहा वर्षे लागली.

जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या अधिवेशनात नूथ यांनी गणिताच्या मुद्रणावर व्याख्यान दिले. सोसायटीच्याच नियतकालिकाच्या वेगवेगळ्या काळांतील पाने पुढे ठेवून त्यांनी मुद्रणाचा दर्जा कसा घसरत गेला, हे दाखविले. श्रोते लेखकही होते व वाचकही. सोसायटीने ही आज्ञावली आपलीशी केली. १९८० मध्ये टेक् वापरणाऱ्यांची संघटना स्थापन झाली व तिचे नियतकालिक निघू लागले. ज्या ग्रंथापायी हा सारा उपद्व्याप झाला, त्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती १९८१ मध्ये टेक्‌ने जुळवून प्रसिद्ध झाली. आपण स्वतः घडविलेल्या अक्षरांचे त्यातील रूप नूथ यांना समाधानकारक वाटले नाही व पुढे त्यांनी ती अक्षरे पुन्हा घडविली.

टेक्‌ची रचना जुळाऱ्याच्या कामाकडे बारकाईने पाहून केलेली आहे. प्रत्येक अक्षर ही ठराविक रुंदी, उंची व खोली असलेली एक पेटी मानली जाते. पेट्यांच्या मध्ये ताणता वा आवळता येणारी मोकळी जागा असते. तिला नूथ यांनी ‘गोंद’ म्हटले. पण ‘स्प्रिंग’ हे नाव अधिक शोभले असते, हे त्यांनीही मान्य केले आहे. साधा टंकलेखक ओळ भरली की पुढची ओळ सुरू करतो. टेक् संपूर्ण परिच्छेद एकदम विचारात घेते. शब्दांमधील जागा जितकी ताणावी लागेल, तितका दंड त्या ओळीला बसतो. हा दंड ताणाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे एखादीच विरळ ओळ फार महाग पडते. ज्या मांडणीत सर्व ओळींचा मिळून दंड कमीत कमी होईल, ती निवडली जाते. त्यामुळे परिच्छेदाच्या शेवटी बदललेला एक शब्द पहिल्या ओळीची मोड बदलू शकतो. चांगला जुळारी हेच अनुभवाने, पण दोन-तीन ओळींपुरते करी. नूथ यांनी आज्ञावलीची संहिता सर्वांना खुली ठेवली आणि १९८९ नंतर तिच्यात नवी भर न घालता केवळ दोषदुरुस्ती करण्याचे ठरविले. तिच्या आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक दुरुस्तीबरोबर पाय या संख्येच्या एक एक अंक जवळ जातो. २०२१ मध्ये तो ३·१४१५९२६५३ असा झाला. चाळीस वर्षांपूर्वीचा निबंध आजही त्याच रूपात जुळविता येतो, हे या निग्रहाचे फळ होय. व्यापारी आज्ञावलींच्या बाबतीत असे सहसा घडत नाही.

टेक् लेखकाला जुळाऱ्याचे सर्व अधिकार देते आणि नेमकी तीच त्याची अडचण ठरली. मथळा किती मोठा, वर किती जागा, हे सर्व लेखकाने सांगायचे, तर तो गणित कधी करणार? कार्नेगी-मेलन विद्यापीठात ब्रायन रीड यांनी १९८० मध्ये पूर्ण केलेल्या ‘स्क्राइब’ या आज्ञावलीत वेगळा विचार होता. लेखकाने ‘हा मथळा’, ‘हे अवतरण’, ‘हे प्रमेय’ एवढेच सांगावे. ते कसे दिसावे, हे स्वतंत्र साच्यात लिहिलेले असावे. लेस्ली लॅम्पोर्ट (जन्म १९४१) यांनी हा विचार टेक्‌वर बसविला. एका नियोजित ग्रंथासाठी स्वतःला लागणाऱ्या आज्ञा त्यांनी इतरांनाही वापरता येतील अशा रीतीने लिहिल्या. हेच ‘लाटेक्’ होय. त्यावरील त्यांचे पुस्तक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले व १९९४ पासून दुसऱ्या एका गटाने विकसित केलेली आवृत्ती प्रचारात आली. नियतकालिकांना यात मोठा लाभ दिसला. साच्याची एक फाइल लेखकांना दिली, की सर्वांचे निबंध एकाच रूपात जुळून येतात. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी, अमेरिकन फिजिकल सोसायटी व पुढे बहुतेक मोठ्या प्रकाशनसंस्थांनी असे साचे काढले. निबंध एका नियतकालिकाकडून दुसरीकडे न्यायचा, तर तत्त्वतः पहिल्या ओळीतील साच्याचे नाव बदलणे पुरते. व्यवहारात लेखक मध्येच हाताने जागा वाढवितो, आकृती जबरदस्तीने एका ठिकाणी बसवितो आणि साचा बदलताच हे सारे विस्कटते.

संदर्भांच्या बाबतीत हीच विभागणी स्टॅनफर्ड येथील ओरेन पटाश्निक यांनी १९८५ मध्ये ‘बिबटेक्’द्वारे घडवून आणली. लेखक प्रत्येक संदर्भाची नोंद एकदाच करतो. तीत लेखक, शीर्षक, वर्ष इ. घटक वेगवेगळे लिहिलेले असतात व नोंदीला एक खूणनाव असते. मजकुरात केवळ हे खूणनाव द्यायचे. संदर्भांना आकडे द्यायचे की नाव व वर्ष, सूची वर्णक्रमाने लावायची की उल्लेखक्रमाने, हे शैलीची फाइल ठरविते. येथे संदर्भ हा वाक्याचा तुकडा न राहता माहितीची नोंद बनला. याच दृष्टीचा पुढचा टप्पा म्हणजे शैली लिहिण्याची ‘सीएसएल’ ही भाषा. झोटेरो (२००६) व तत्सम साधने ती वापरतात. तिच्या भांडारात दहा हजारांहून अधिक शैली जमा आहेत. संपादकांच्या एकीकरणाच्या प्रयत्नांना यंत्राने दिलेले हे उत्तर काहीसे उपरोधिक म्हणावे लागेल : एकच शैली ठरविणे जमले नाही, तेव्हा सर्व शैली सोप्या करण्यात आल्या.

लेखकाने साचा भरला, म्हणजे जुळाऱ्याचे काम संपले, असा समज सर्वत्र असला, तरी तो खरा नाही. १९९० नंतर यूरोप व अमेरिकेतील प्रकाशकांनी नियतकालिकांची अक्षरजुळणी मोठ्या प्रमाणावर भारतात पाठविण्यास सुरुवात केली. चेन्नई, पुदुच्चेरी, बंगळूरु, दिल्ली व तिरुवनंतपुरम ही या व्यवसायाची महत्त्वाची केंद्रे होत. तिरुवनंतपुरम येथे १९९८ मध्ये टेक् वापरणाऱ्यांची भारतीय संघटना स्थापन झाली व २००२ चे आंतरराष्ट्रीय संमेलन तेथेच भरले. एल्सव्हिअर या डच प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांसाठी जगभरचे लेखक वापरतात तो लाटेक्-साचाही याच शहरात तयार झाला. या केंद्रांत लेखकाची फाइल ‘एक्सएमएल’ या खूणभाषेत उतरविली जाते. निबंधाचा प्रत्येक घटक काय आहे, एवढेच तीत नोंदलेले असते व तीवरूनच छापील पान आणि पडद्यावरील पान ही दोन्ही तयार होतात. लेखकाने कष्टाने साधलेले पानाचे रूप या प्रक्रियेत बहुधा टाकून दिले जाते. म्हणजे एकच काम दोनदा होते व त्यातील पहिल्या वेळचा मोबदला कोणालाच मिळत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ४१ देशांतील ३७२ संशोधकांच्या उत्तरांवरून, एका निबंधाच्या केवळ मांडणीवर खर्च होणाऱ्या वेळाचे मध्यमान १४ तास निघाले. २०१० नंतरच्या दशकात काही प्रकाशकांनी पहिली प्रत कोणत्याही रूपात स्वीकारण्यास प्रारंभ केला, तो अशा तक्रारींमुळेच. साचा निबंध स्वीकारला गेल्यानंतरच भरावा लागतो. भौतिकी व गणितातील निबंधांचे १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी सुरू केलेले ‘आर्काइव्ह’ हे खुले भांडार तर पहिल्यापासून कोणत्याच मांडणीचा आग्रह धरीत नाही.

देवनागरी लिपीसाठी टेक् प्रथम उपलब्ध झाले, ते नेदर्लंड्समधील ग्रोनिंगेन येथे. फ्रान्स फेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये देवनागरी अक्षरसंच व रोमन टंकनावरून जोडाक्षरे बनविणारी पूर्वप्रक्रिया तयार केली. तीत मुंबई व कलकत्ता वळणाच्या अक्षरांचा पर्याय आणि मराठीतील ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’ यांसारख्या शब्दांत लागणाऱ्या र-काराची सोयही आहे. जोनाथन क्यू यांच्या झीटेक् (२००४) या आज्ञावलीनंतर युनिकोड संकेतात थेट मराठी टंकित करून लाटेक्‌मध्ये जुळणी करता येऊ लागली.

संदर्भसूचीचे प्रश्न मात्र अधिक चिवट आहेत. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हे अक्षर ‘ह’नंतर येते व त्यापुढे ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ येतात. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ची जागा ‘ल’ व ‘व’ यांच्यामध्ये आहे आणि ‘क्ष’ हे ‘क’चे जोडाक्षर आहे. यंत्राने केवळ तक्त्याचा क्रम घेतला, तर ‘काळे’ हे नाव ‘काशीकर’च्या आधी लागते आणि ‘क्षीरसागर’ हे ‘खरे’च्या आधी जाते. वर्णक्रम भाषेप्रमाणे सांगता येण्याची सोय बिबटेक्‌नंतरच्या साधनांत आहे. ती सुरू करावी लागते, एवढेच. वर्षाचा प्रश्न याहून अवघड आहे. जुन्या मराठी ग्रंथांच्या मुखपृष्ठावर पुष्कळदा केवळ शके दिलेला असतो. शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे शके १८१९ म्हणजे इसवी सन १८९७ किंवा १८९८ आणि ग्रंथाचा महिना ठाऊक नसेल, तर लेखक-वर्ष पद्धतीला हवे असलेले एकच वर्ष देता येत नाही. ‘लोकहितवादी’, ‘केशवसुत’ अशा टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची नोंद आडनावाखाली करावी की प्रसिद्ध नावाखाली, याचे उत्तर इंग्रजी नियमावलींतून शब्दशः उचलता येत नाही. मराठी नियतकालिकांचे संपादक आपापल्या परीने ते ठरवितात व काही सूचींत ग्रंथावर छापलेला शक जसाच्या तसा ठेवून कंसात इसवी सनाची दोन्ही वर्षे दिलेली आढळतात.